बिअर उतू गेली? घाबरू नका, ओतूनही देऊ नका! आंबवण्याचा जोर सांभाळायचा कसा



गेल्या वर्षी जुलैमधली गोष्ट. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले होते. फोन वाजला. इंग्लंडमधून भाच्याचा व्हिडिओ कॉल. तिकडे रात्रीचा एक. एवढ्या रात्री फोन म्हटल्यावर छातीत धस्स झालं.

"मामा, झोपला होतास का? अरे, जिन्याखालच्या कपाटात स्फोट झालाय!"

त्याने कॅमेरा फिरवला. कपाटाच्या छतापर्यंत पिवळट फेस. खाली टांगलेले दोन कोट चिकट झालेले. आणि मधोमध एक प्लास्टिकची बादली, झाकण बाजूला उडून पडलेलं, आतून फेस अजून वर येतोच आहे. मागे भाचेसून हातात फडकं घेऊन उभी. ती काहीच बोलत नव्हती, म्हणजे प्रकरण गंभीर होतं!

भाचा लेस्टरला नोकरी करतो. दोन वर्षांपासून डोक्यात एकच विचार, स्वतःची छोटी ब्रुअरी काढायची. इंग्लंडमध्ये घरी स्वतःपुरती बिअर बनवायला परवाना लागत नाही, १९६३ पासून ती अट उठलेली आहे. विकायची असेल तर मात्र तिथल्या कर खात्याची मंजुरी घ्यावी लागते आणि शुल्क भरावं लागतं. त्यामुळे हा गडी आधी घरी हात बसवत होता. हिवाळ्यात दोन बॅच शांतपणे पार पडल्या. तेवढ्यावर त्याने पुढच्या महिन्यात नोकरीचा राजीनामा द्यायचं ठरवलं होतं. आणि तिसरी बॅच ही अशी छताला लागली.

"मामा, सगळं मोरीत ओतून देतो. मला हे जमणार नाही."

मी म्हटलं, "थांब. ओतू नकोस. बहुतेक तुझी बिअर अगदी चांगली आहे. तिला फक्त जागा मिळाली नाही."

आजचा लेख याच विषयावर आहे. आता तुम्ही म्हणाल, सर, बिअर आणि आपला काय संबंध? संबंध आहे. एक तर आपले बरेच वाचक परदेशात आहेत आणि तिथे हा छंद कायदेशीर आहे. दुसरं म्हणजे आपल्या प्रशिक्षणाला येणारे कितीतरी जण आज कोंबुचा, आल्याचं फसफसतं पेय असे आंबवलेले प्रकार करू पाहतायत. फेस, गॅस आणि फुटणारी बाटली हे प्रश्न तिथेही तेच आहेत. महाराष्ट्रात कायदा काय म्हणतो, ते खाली स्पष्ट लिहिलंय. तो भाग कृपया वगळू नका.

आधी समजून घ्या: आत नेमकं काय चाललंय?

उन्हाळ्यात इडलीचं पीठ रात्री पातेल्यात ठेवलं आणि सकाळी ओट्यावर वाहून आलं, हा अनुभव प्रत्येक घरात आहे. म्हणून आपल्या आया मोठं पातेलं घ्यायच्या आणि खाली ताट ठेवायच्या. बिअरचं तसंच आहे.

जवाला मोड आणून ते वाळवतात, त्याला माल्ट म्हणतात. माल्ट गरम पाण्यात भिजवून गोड पाणी काढतात, ते हॉप्स घालून उकळतात आणि थंड करतात. या गोड पाण्याला वर्ट म्हणतात. त्यात यीस्ट टाकलं की ते साखर खातं आणि दोन गोष्टी तयार करतं: अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड वायू. वजनाने बघितलं तर दोन्ही जवळजवळ सारखेच. एक किलो साखर पूर्ण आंबली तर साधारण अर्धा किलो वायू निघतो.

अर्धा किलो वायू म्हणजे किती, याचा अंदाज पटकन येत नाही. भाच्याच्या बादलीत २३ लिटर बिअर होती, सुमारे ५ टक्के अल्कोहोल होईल अशी. एवढ्या बॅचमधून एकूण साडेचारशे लिटरच्या पुढे वायू बाहेर पडतो. आणि त्यातला बराचसा पहिल्या दोन-तीन दिवसांत! हा सगळा वायू बाहेर जायला झाकणात वाट किती? पेन जाईल एवढं भोक, त्यात बसवलेला पाण्याचा एअरलॉक.

वर्टमध्ये धान्यातली प्रथिनं असतात. त्यामुळे वायूचे बुडबुडे पटकन फुटत नाहीत, घट्ट फेसाचा थर तयार होतो. या थराला ब्रुअर लोक क्राउझन म्हणतात. हा फेस हॉप्सचा गाळ सोबत घेऊन वर चढतो आणि एअरलॉकच्या भोकात अडकतो. वाट बंद झाली, वायू मात्र तयार होतोच आहे. शेवटी झाकण उडतं.

म्हणजे बघा, झाकण उडालं याचा अर्थ बिअर बिघडली असा नाही. यीस्ट जोमात आहे आणि निकास अपुरा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

पहिल्या पंधरा मिनिटांत काय करायचं?

त्या रात्री फोनवर भाच्याकडून मी जे करून घेतलं, ते क्रमाने देतो.

१. तोंड लांब ठेवा. झाकण अजून उडालं नसेल पण फुगलेलं दिसत असेल, तर वाकून बघू नका. चष्मा किंवा गॉगल घाला, झाकणावर जाड टॉवेल टाका आणि कडेकडेने हळूहळू सैल करा. दाब सावकाश जाऊ द्या. लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

२. दार-खिडकी उघडा. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, बंद कपाटात तळाशी साचतो. एका बादलीने मोकळ्या घरात काही होत नाही, पण अगदी छोट्या बंद खोलीत तीन-चार बॅच एकदम चालू असतील तर हवा खेळती हवीच.

३. एअरलॉक काढून धुवा, पण लगेच परत लावू नका. त्याऐवजी जाड नळी लावा. नळीचं एक टोक झाकणाच्या भोकात, दुसरं टोक निर्जंतुक द्रावण घातलेल्या बरणीत बुडवलेलं. याला ब्लो-ऑफ नळी म्हणतात. वायू आणि फेस दोन्ही नळीतून बरणीत येतात. घरात नळी नसेल तर निर्जंतुक केलेला अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा भोकावर सैलसर ठेवा. आतून वायू जोरात बाहेर येत असतो, त्यामुळे एक रात्र एवढ्यावर निभावतं.

४. भांडं थंड करा. मोठ्या टबात पाणी घालून त्यात बादली ठेवा, अंगाभोवती जुना ओला टी-शर्ट गुंडाळा आणि पंखा लावा. माठातलं पाणी गार होतं तीच युक्ती. टबात गोठवलेल्या पाण्याच्या एक-दोन बाटल्या सोडल्या तरी चालतं. मात्र तापमान हळूहळू उतरवा. एकदम गार केलं तर यीस्ट झोपी जातं आणि बॅच अर्धवट राहते. भांडं काचेचं असेल तर बर्फाचं पाणी अजिबात नको, काच तडकते.

५. सांडलेला फेस परत आत टाकू नका. बादलीच्या कडा आणि झाकण निर्जंतुक द्रावणाने पुसून घ्या आणि झाकण बसवा.

६. यापुढे हात लावू नका. ढवळू नका, साखर घालू नका, दर तासाला झाकण उघडून बघू नका.

सगळं आवरायला त्यांना अर्धा तास लागला. कोट मात्र ड्रायक्लीनिंगला गेले, त्याचं बिल भाच्याच्या खिशातून!

असं का झालं? पाच कारणं

दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हटलं, आता शांतपणे वही घेऊन बस. काय काय केलंस ते लिही. लिहिता लिहिता त्याचं त्यालाच कळत गेलं.

पहिलं कारण, जागा. बादली २५ लिटरची, माल २३ लिटर. म्हणजे वर फक्त २ लिटर रिकामी जागा, ८ टक्के. निदान २० ते २५ टक्के जागा मोकळी हवी. २५ लिटरच्या बादलीत १९-२० लिटरच भरा. पूर्ण २३ लिटर करायची असेल तर ३० लिटरचं भांडं घ्या.

दुसरं कारण, तापमान. एल प्रकारच्या बहुतेक यीस्टला १८ ते २२ अंश सेल्सिअस मानवतं. जुलैत त्याच्या कपाटात २६ अंश होतं. शिवाय यीस्ट काम करताना स्वतः उष्णता सोडतं, त्यामुळे आतलं तापमान खोलीपेक्षा आणखी तीन-चार अंशांनी वर जातं. म्हणजे बादलीच्या आत जवळजवळ ३० अंश! हिवाळ्यात तेच कपाट १८ अंशांवर होतं, म्हणून आधीच्या दोन बॅच शांत राहिल्या. पद्धत तीच होती, फक्त ऋतू बदलला होता.

तिसरं कारण, यीस्ट. २०-२३ लिटरच्या साध्या बॅचला कोरड्या यीस्टचं साधारण ११ ग्रॅमचं एक पाकीट पुरतं. याने "लवकर होईल" म्हणून दोन टाकली, तीही वर्ट पुरता निवायच्या आत. वर्ट २० अंशांच्या आसपास आल्यावरच यीस्ट टाकायचं, हा नियम पाळा.

चौथं कारण, बिअरचा प्रकार. ही गव्हाची बिअर होती. गव्हात प्रथिनं भरपूर, म्हणून फेस जास्त आणि घट्ट. गव्हाच्या बिअरचं यीस्टही वर चढणारं, जोमदार. जास्त साखरेच्या कडक बिअरलाही असाच जोर असतो. असे प्रकार करताना पहिल्या दिवसापासूनच ब्लो-ऑफ नळी लावा.

पाचवं कारण, अरुंद वाट. हॉप्सचा गाळ न गाळता सगळा बादलीत गेला होता. तोच वर येऊन भोकात अडकला.

आता एक महत्त्वाचा फरक सांगतो. जोर आणि बिघाड या वेगळ्या गोष्टी आहेत. नेहमीच्या बॅचमध्ये १२ ते २४ तासांत बुडबुडे सुरू होतात, दुसऱ्या दिवशी जोर सगळ्यात जास्त असतो आणि चौथ्या दिवसापर्यंत फेस खाली बसायला लागतो. तुमची बॅच या वेळापत्रकात असेल तर निश्चिंत राहा. पण आठवडाभराने पुन्हा जोर आला, पृष्ठभागावर सुरकुतलेली पांढरी साय धरली, वास आंबूस झाला, तर बाहेरचे जंतू शिरलेत असं समजा. अशी बॅच बाटल्यांत भरू नका, कारण ते जंतू बाटलीतही वायू तयार करत राहतात.

खरा धोका बादलीत नाही, बाटलीत आहे

सहाव्या दिवशी पुन्हा फोन. आवाजात उत्साह होता.

"मामा, बुडबुडे थांबले. आज बाटल्या भरतो. शनिवारी ऑफिसातले मित्र येणार आहेत, त्यांना सांगून ठेवलंय."

"हायड्रोमीटर काय म्हणतो?"

"बघितलं नाही. बुडबुडे थांबलेत ना!"

मित्रांनो, त्या रात्रीच्या स्फोटापेक्षा मला या वाक्याची जास्त भीती वाटली.

हायड्रोमीटर म्हणजे द्रवाची घनता मोजणारी काचेची नळी. दूधवाल्याच्या लॅक्टोमीटरची चुलत बहीणच. साखर जास्त तर आकडा वर, साखर संपत गेली की आकडा खाली. सुरुवातीला त्याचा आकडा १.०४८ होता. कृतीनुसार शेवटी १.०१० यायला हवा होता. मी मोजायला लावलं तर निघाला १.०१६.

म्हणजे साखर अजून शिल्लक होती. पहिला जोर ओसरला होता, झाकणाच्या कडेतून थोडा वायू निसटत होता, म्हणून एअरलॉक गप्प होता. एअरलॉकचे बुडबुडे हे घड्याळ नाही, त्यावर विश्वास ठेवू नका.

आता हिशोब बघा. बाटलीत फेस यावा म्हणून भरताना मुद्दाम थोडी साखर घालतात, लिटरला साधारण ६ ग्रॅम. बिअरमध्ये आधीपासून विरघळलेला वायू आणि या साखरेचा वायू मिळून बिअरच्या आकारमानाच्या अडीचपट वायू बाटलीत राहतो. हे योग्य प्रमाण. पण हायड्रोमीटरचा प्रत्येक उरलेला पॉइंट बाटलीत अंदाजे अर्ध्या पटीची भर घालतो. सहा पॉइंट शिल्लक म्हणजे आणखी तीन पट. एकूण पाच पटींच्या पुढे! ठरवलेल्याच्या दुपटीहून जास्त. साधी बाटली एवढ्या दाबासाठी केलेली नसते. अशा बाटल्यांना ब्रुअर लोक बॉटल बॉम्ब म्हणतात आणि ही थट्टा नाही. फुटलेल्या काचेने डोळा जाऊ शकतो.

झाकण उडालं तर कोट खराब होतात, बाटली फुटली तर माणूस जखमी होतो. आणि ती बाटली त्या वेळी तुमच्या घरात असेलच असं नाही, मित्राच्या फ्रीजवर किंवा त्याच्या मुलाच्या हातात असू शकते.

भाच्याने शनिवारचं आमंत्रण रद्द केलं. मित्रांनी थोडी चेष्टा केली असेल. आणखी पाच दिवस थांबला. आकडा १.०१० वर आला आणि दोन-दोन दिवसांच्या अंतराने तीन वेळा तोच राहिला. मग बाटल्या भरल्या.

बाटलीबाबत हे नियम वहीत लिहून ठेवा:

- दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेला आकडा सारखा येईपर्यंत बाटली भरायची नाही. कॅलेंडर बघून भरायची नाही, पाहुणे येणार म्हणूनही नाही.
- साखर अंदाजाने चमच्याने नाही, वजनाने. संपूर्ण बॅचची साखर पाण्यात उकळून, निववून एकत्र मिसळा, म्हणजे प्रत्येक बाटलीत सारखी जाईल.
- बाटली फेसाळ पेयासाठीच बनवलेली, जाड काचेची हवी. शोभेच्या चौकोनी बाटल्या वापरू नका, दाबाखाली कोपरे आधी जातात.
- प्रत्येक बॅचमधली एक बाटली सोड्याच्या प्लास्टिक बाटलीत भरा. रोज दाबून बघा. दगडासारखी कडक झाली की आतला दाब कळतो. गरजेपेक्षा लवकर कडक झाली तर सगळ्या बाटल्या टॉवेलखाली हळू उचलून थंड ठिकाणी ठेवा आणि थंड झाल्यावर एकेक उघडून दाब सोडा.
- पहिले दोन आठवडे बाटल्या झाकणाच्या मजबूत खोक्यात ठेवा.

वायूचा त्रास, वायूचाच धंदा

इथे एक छोटी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १७६७ च्या सुमारास जोसेफ प्रीस्टली हा इंग्लिश शास्त्रज्ञ लीड्स शहरात एका ब्रुअरीच्या शेजारी राहायला गेला. आंबणाऱ्या पिंपांवर एक अदृश्य थर असतो आणि त्यात धरलेली जळती काडी विझते, हे त्याने पाहिलं. तो होता हाच कार्बन डायऑक्साइड. प्रीस्टलीने हा वायू पाण्यात विरघळवून बघितला आणि १७७२ मध्ये त्याची पद्धत छापली. पुढे १७८३ मध्ये जिनिव्हात योहान याकोब श्वेप याने असं पाणी विकायचा धंदा सुरू केला. आज दुकानात दिसणारं श्वेप्स हे नाव त्याचंच. बाकीच्यांना जो नुसता पिंपावरचा वायू वाटत होता, त्याचं एकाने निरीक्षण केलं आणि दुसऱ्याने उत्पादन केलं. तुमच्या बादलीतून जे उतू जातंय, ते पुसण्याआधी एकदा नीट बघा, एवढंच मला सांगायचंय.

महाराष्ट्रात हे करायचं का? नाही!

आता स्पष्ट बोलतो. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय दारू तयार करणं गुन्हा आहे आणि त्यात बिअरही येते. "घरच्यापुरती करतो", "विकत नाही", "यूट्यूबवर बघून एकच बादली लावली" ही सबब चालत नाही. परदेशातला व्हिडिओ बघून इथे प्रयोग करू नका. हा व्यवसायच करायचा असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना घेऊन मायक्रोब्रुअरीचा रस्ता आहे. तो मोठ्या भांडवलाचा आहे, आणि आधी एखाद्या परवानाधारक ब्रुअरीत काम करून शिकलेलं उत्तम.

कोंबुचा किंवा आल्याचं पेय करणाऱ्यांनी मात्र हे सगळं स्वतःलाही लागू करून घ्या. तुमच्या पेयातही यीस्ट आहे, साखर आहे आणि बंद बाटली आहे. पुण्या-नागपूरच्या मे महिन्यात बाटली बाहेर राहिली तर आतलं आंबणं पुन्हा जोर धरतं. त्याचे दोन परिणाम. एक, बाटली फुगते किंवा फुटते. दुसरा परिणाम डोळ्यांना दिसत नाही, अल्कोहोल वाढतं. एफएसएसएआयच्या नियमांत ०.५ टक्क्यापेक्षा जास्त अल्कोहोल असलेलं पेय हे मद्य धरलं जातं. म्हणजे तुम्ही आरोग्यपेय म्हणून विकताय आणि दुकानदाराच्या उन्हातल्या शेल्फवर ते कायद्याच्या दृष्टीने मद्य झालेलं असू शकतं! म्हणून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्या. नुसत्या ताज्या बाटलीची नको, चार आठवडे ठेवलेलीचीही करा. आणि फ्रीजची साखळी सांभाळता येत नसेल तर लांबच्या दुकानात माल देऊ नका.

धंद्याच्या वहीत हे कसं दिसतं?

समजा २३ लिटरच्या बॅचला २३ पौंडांचा कच्चा माल लागला. लिटरला एक पौंड. त्यातले ३ लिटर फेसाबरोबर गेले. उरले २० लिटर, खर्च तोच. आता लिटरला १ पौंड १५ पेन्स. म्हणजे १३ टक्के माल गेला आणि प्रत्येक लिटरचा खर्च १५ टक्क्यांनी वाढला. यात आवरायला लागलेला वेळ आणि ड्रायक्लीनिंगचं बिल धरलेलंच नाही. छंदात हे हसण्यावारी जातं. धंद्यात मात्र बहुतेकदा नफा तेवढाच असतो.

वीस टक्के मोकळी जागा ठेवणं काहींना नुकसान वाटतं. "भांडं पूर्ण भरलं तर तेवढा माल जास्त!" असा हिशोब करतात. वरचे आकडे बघा आणि मग ठरवा.

भाच्याने आता प्रत्येक बॅचची नोंद ठेवायला सुरुवात केली आहे. तारीख, खोलीचं तापमान, बादलीला चिकटवलेल्या पट्टीवरचं तापमान, यीस्टचं वजन, सुरुवातीचा आकडा, शेवटचा आकडा, किती लिटर भरलं, किती हाती आलं. एका पानात मावतं. पण हिवाळ्यात हेच पान असतं तर जुलैची रात्र टळली असती.

आणि त्या राजीनाम्याचं काय झालं? तो मी सांगितलं म्हणून थांबला नाही. त्याच्याच वहीने त्याला थांबवलं. दोन बॅच चांगल्या झाल्या त्या थंडीमुळे, आपल्या कौशल्यामुळे नाही, हे त्याला आकड्यांत दिसलं. आता त्याने स्वतःच अट घातली आहे: एकच कृती, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात मिळून सलग दहा वेळा सारखी उतरली पाहिजे. मगच कर खात्याच्या मंजुरीचा अर्ज, आणि त्यानंतर राजीनामा. परवा सातवी झाली. चव कशी आहे मला माहीत नाही, मी पीत नाही. भाचेसून म्हणाली, "मामा, कपाट स्वच्छ आहे." मला तेवढं पुरे!

आजचा गृहपाठ

तुम्ही कोणताही आंबवलेला पदार्थ करत असाल, बिअर असो, कोंबुचा असो की इडलीचं पीठ विकत असाल, या आठवड्यात तीन गोष्टी मोजा: भांड्यात मोकळी जागा किती, आतलं तापमान किती आणि घातलेल्या मालातून हाती आलेला माल किती. नुसत्या मनात नको, वहीत लिहा.

पुढच्या लेखात बाटली, झाकण आणि लेबल यांचा खर्च कसा काढायचा ते बघूया. तोपर्यंत काळजी घ्या, भांडं थोडं रिकामं ठेवा आणि बाटली भरायची घाई करू नका!